थोरली, धाकटी आणि विमलाबाईंचा गुडघा

मी धाकटी बोलतेय.

कागदावर माझं नाव वेगळं आहे. ते परदेशी आहे आणि शोरूममध्ये येणाऱ्या बहुतेकांना ते नीट म्हणताही येत नाही. धाकटी हे नाव मला विमलाबाईंनी दिलं आणि मला तेच आवडलं. त्या कोण, ते पुढे सांगतेच. त्यांच्यासाठीच तर तोंड उघडलंय. एरवी गाडीनं हॉर्नपलीकडे बोलू नये, असा आमच्यात रिवाज आहे.

अंधेरीला लिंक रोडवर आमचं काचेचं शोरूम आहे. तिथे एकाच कंपनीच्या आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या असायचो. एक उंच, लांबरुंद, सात माणसांची. ती थोरली. दुसरी तिच्याहून आखूड आणि ठेंगणी, पाच माणसांची. ती मी. नाकडोळे दोघींचे सारखेच. त्यामुळे लोक माझ्यापाशी येऊन विचारतात, "हीच ना ती मोठी?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा असा पडतो, जणू मुलगी बघायला आले आणि समोर चुकून तिची मैत्रीण चहा घेऊन आली. माझ्या वैतागाची सुरुवात ही अशी रोज सकाळी होते.

माझे भाग परदेशातून पेट्यांत भरून आले आणि पुण्याकडच्या कारखान्यात जोडले गेले. एका लांबलचक ट्रेलरवर बसून आम्ही बहिणी घाट उतरलो. बाकीच्यांना घरं मिळाली, झेंडूचे हार मिळाले, चाकाखाली लिंबू मिळालं. माझ्या दारावर मात्र 'टेस्ट ड्राइव्ह' असं चिकटवलं गेलं. म्हणजे मी सगळ्यांची आणि कुणाचीच नाही. कुणीही यावं, चावी फिरवावी, वाकोल्याच्या पुलापर्यंत पळवावं आणि परत आणून सोडावं.

माणसांची एक गंमत मला इथे कळली. गाडी बघायला आलेला माणूस आधी चाकाला लाथ मारतो. कशासाठी, ते कुणालाच माहीत नसतं. मग दार उघडून जोरात लावतो, 'धप्प' आवाज ऐकतो आणि शेजारच्याकडे बघून मान हलवतो. आत बसल्यावर आधी फोटो काढतो. आणि एवढी महागडी गाडी घ्यायला निघालेला माणूससुद्धा शेवटी हळूच विचारतो, "ॲव्हरेज किती देते?"

पण यातलं काहीही मला एवढं जिव्हारी लागलं नसतं. जिव्हारी लागलं ते चिंदरकरांचं प्रकरण.

सुबोध चिंदरकर मुलुंडला राहतात. त्यांचे वडील गिरणीत होते. सुबोधराव स्वतः लिफ्टचे मेकॅनिक म्हणून लागले आणि आता इमारतींना लिफ्ट बसवणारी त्यांची स्वतःची कंपनी आहे. पहिल्यांदा आले ते बायको जान्हवी आणि कॉलेजात जाणारी मुलगी गार्गी, यांना घेऊन. आमचा सेल्समन आकाश टाय सारखा करत पुढे झाला.

"सर, कुणासाठी बघतोय आपण?"

"आईसाठी," सुबोधराव म्हणाले, आणि खरंच सांगते, ते म्हणताना त्यांचा आवाज ओला झाला होता. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. आमची आत्ताची गाडी एकदम जमिनीलगत. बसली की तिला उठता येत नाही. तिला गावाला न्यायचंय. कणकवलीच्या पुढे आमचं गाव. जत्रेत देवीची ओटी भरायची राहिलीय तिची."

"आईंना आणलं असतंत तर बसवून बघितलं असतं," आकाश सहज बोलून गेला.

"तिला कशाला एवढ्या लांब दगदग?" सुबोधराव म्हणाले. "शिवाय किंमत ऐकली तर शोरूममध्येच रडेल. सरप्राइज आहे तिला."

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं घोडं इथेच पेंड खायला बसलं.

त्या दिवशी जान्हवीनं मला चालवलं. हात हलका, नजर चांगली. सिग्नलला थांबताना धक्का नाही की काही नाही. परत आल्यावर ती म्हणाली, "मला ही आवडली. मुलुंडच्या गल्लीतनं रोज मलाच न्यायचीय. ती दुसरी म्हणजे बस आहे, सुबोध."

"पण सर्वेशकडे हीच आहे ना," सुबोधराव हळू आवाजात म्हणाले.

सर्वेश म्हणजे त्यांचे साडू, जान्हवीच्या ताईचे यजमान. बोरिवलीला राहतात. त्यांनी गेल्या पाडव्याला माझ्यासारखीच धाकटी घेतली होती, रंगसुद्धा तोच.

"मग? त्यात काय झालं?"

"उद्या लोक म्हणतील, साडूचं बघून घेतली."

"कोण लोक?" गार्गीनं विचारलं. "बाबा, लोक म्हणजे तुम्ही आणि मावसाकाका. तिसरा कुणी नाहीये त्यात."

"तू गप गं. तुला फक्त वरची काच उघडली की झालं."

"हो, उघडायलाच हवी. पण निदान मी खरं तरी बोलते."

पुढचे दोन-तीन महिने हेच चाललं. एका रविवारी थोरली, दुसऱ्या रविवारी मी. मोबाइलवर व्हिडिओ बघून सुबोधराव नवे नवे प्रश्न घेऊन यायचे. थोरलीत सामान किती, माझ्यात किती. थोरली खड्ड्यात कशी, मी घाटात कशी. माझ्या डिकीत त्यांनी रिकाम्या बॅगा रचून बघितल्या. गार्गीला थोरलीच्या तिसऱ्या रांगेत बसवून बघितलं. तिचे गुडघे हनुवटीला लागले तेव्हा म्हणाले, "लहान मुलांसाठी असते ती." घरात लहान मूल एकही नाही. सगळं बघितलं हो त्यांनी, सगळं. फक्त ज्या बाईसाठी गाडी घ्यायची होती तिला आत बसवून बघितलं नाही.

थोरलीला मी दोष देत नाही. स्वभावानं ती गरीब आहे. एका संध्याकाळी दिवे मालवल्यावर ती मला म्हणाली होती, "अगं, माझी उंची मी थोडीच मागून घेतलीय?"

मग एका रविवारी मला मुलुंडला नेलं. पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे कोणती गाडी मावते ते मोजायचं होतं. इमारत नवी, पण खांब असे उभे केलेत जणू बांधणाऱ्याला सायकलीच बघायची सवय होती. सुबोधराव टेप घेऊन जमिनीवर उकिडवे बसले, आकाश दुसरं टोक धरून. जान्हवी म्हणत होती, "मोठी आली तर माझं दार उघडणार नाही, मी काय डिकीतनं बाहेर येऊ?" आणि सुबोधराव म्हणत होते, "उघडेल गं, पोट आत घ्यायचं थोडं."

त्या गडबडीत देवळातून एक म्हाताऱ्या बाई हळूहळू चालत आल्या. सुती साडी, हातात फुलांची परडी आणि दुसऱ्या हातात काठी. त्याच विमलाबाई. डावा गुडघा बदललेला, उजवा बदलायचा राहिलेला. त्यांनी माझ्याकडे एकदा खालून वर बघितलं.

"ही कोणाची?" त्यांनी आकाशला विचारलं.

"आमची, आजी. शोरूमची. साहेब बघतायत."

"थोरली की धाकटी?" घरातली रोजची चर्चा त्यांच्या कानांवर गेलीच असणार.

आकाश हसला. "धाकटी. हिच्यापेक्षा मोठी आहे एक."

"बघूं तर." असं म्हणून त्यांनी काठी माझ्या दाराला टेकवली, पाठमोऱ्या झाल्या आणि अलगद सीटवर टेकल्या. मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. कुणी धरलं नाही. कुणी 'सांभाळून' म्हटलं नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. त्या आत बसल्या आणि त्यांनी एक मोठा श्वास सोडला. माझ्यात इतकी माणसं बसून गेली, पण असा श्वास मी कुणाचा ऐकला नव्हता.

"बरी आहे गं तू धाकटी," त्या सीटवर हात फिरवत म्हणाल्या. "टेकलं की बसले. रिक्षासारखं." मग आकाशला म्हणाल्या, "तुला सांगू का बाबा, ऑपरेशन झाल्यापासून मला कुठे न्यायचं म्हटलं की दोघं जण बगलेत हात घालतात आणि उचलतात. माणसं चांगली आहेत, मायेनंच उचलतात. पण उचललं की मला मेल्यासारखं होतं. आमच्या गावची देवी सातेरी आहे. तिच्यासमोर मला माझ्या पायांनी उतरायचंय. तेवढंच राहिलंय बघ."

मी ऐकलं. आकाशनं ऐकलं. तेवढ्यात सुबोधराव टेप गुंडाळत आले.

"अगं आई! तू खाली कशाला आलीस? सगळं सरप्राइज घालवलंस."

"सुबोधा, ही बरी आहे रे."

"ही लहानातली आहे आई. तुझ्यासाठी मोठी घेतोय."

"मला मोठी कित्याक? मी केवढी?"

"आई, लहानपणी आपण कणकवलीहून गावाला जीपमधनं जायचो आठवतं? तू कोपऱ्यात अंग चोरून बसायचीस, मी तुझ्या मांडीवर, आणि तुझ्या मांडीवरच कुणाचं तरी तांदळाचं बोचकं. तेव्हाच मी ठरवलं होतं. एक दिवस देवळासमोर गावातल्या सगळ्यात मोठ्या गाडीतनं तुला उतरवणार."

यावर कुठली आई बोलेल? विमलाबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. "तुमका काय वाटता ता बघा," एवढंच म्हणाल्या आणि जशा बसल्या होत्या तशा, स्वतःच्या पायांनी, माझ्यातून उतरल्या.

जान्हवीनं ते बघितलं. ती म्हणाली, "सुबोध, आईंना एकदा मोठीत बसवून बघू या ना."

"बसण्यात काय बघायचंय? दिवाणखाना आहे तो!"

आकाशनं तोंड उघडलं आणि मिटलं. मोठी विकली गेली तर त्याचं भलं होतं. त्याला तरी काय बोलणार? मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. माझ्याकडे हॉर्न होता, पण तो दाबायला माणूस लागतो. दिवाणखान्याला उंबरा असतो हो सुबोधराव, असं मनातल्या मनात म्हणत मी मुकाट्यानं अंधेरीला परत आले.

थोरली बुक झाली. दसऱ्याला गाडी ताब्यात घ्यायचं ठरलं.

दसऱ्याला आमच्याकडे लग्नघर असतं. एकेका कुटुंबाला वेळ दिलेली, प्रत्येकाच्या गाडीवर लाल मखमली कापड, पेढे, फोटोग्राफर. त्या गर्दीत मला बाहेर मांडवाच्या कडेला लावलं होतं, चारही दारं उघडी टाकून, नव्या गिऱ्हाइकांनी बघावं म्हणून. तिथून मला सगळं दिसत होतं.

विमलाबाई आल्या. जांभळी इरकल, केसांत अबोलीचा वळेसर. हातातल्या पिशवीत आपट्याची पानं, शोरूममधल्या सगळ्यांना वाटायला. त्यांच्याबरोबर दहिसरहून अण्णा आले होते, सुबोधरावांचे काका. टोपी घालून, धोतराचा सोगा खोचून, कारण गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायचं साकडं, त्यांनी घालायचं होतं. कोकणातल्या माणसाची नवी वस्तू गाऱ्हाण्याशिवाय घरात येत नाही.

अण्णांनी थोरलीसमोर नारळ धरला आणि त्या एसीच्या थंडगार शोरूममध्ये त्यांचा खणखणीत आवाज घुमला.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घरचे म्हणाले.

"आज तुझ्या ह्या लेकरान नवी गाडी घेतल्यान हा. तिका खय खड्डो लागां नको, कोणाची वायट नजर लागां नको!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आकाश आणि काउंटरवरच्या मुलीसुद्धा म्हणाल्या. शेजारच्या गाडीचं गुजराती कुटुंबही पेढा हातात धरून बघत राहिलं.

"ह्या गाडयेत पयली बसतली ती ह्या लेकराची आई. तिका सुखान सातेरीच्या पायाशी ने, आणि सुखान परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं शोरूम म्हणालं.

नारळ फुटला. सुबोधरावांनी दार उघडलं, कमरेत वाकले आणि हात पुढे केला. "चल आई. पहिली तू."

विमलाबाई पुढे झाल्या. डावा पाय उचलला. तो थोरलीच्या उंबऱ्याच्या खालीच अडला. पाय खाली ठेवला, साडी सावरली, उजवा उचलून बघितला. तो तर तेवढाही गेला नाही. पाठमोऱ्या होऊन टेकायला गेल्या, तर सीट कमरेच्या बरीच वर. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, इकडे बघा, स्माइल!"

"बाजूला पायरी बसवून मिळते सर," आकाश घाईनं म्हणाला.

"एका पायावर उभं राहून दुसरा उचलायचा, तोच तर उचलत नाही रे बाबा," विमलाबाई म्हणाल्या. अजून त्या हसत होत्या.

"वयनी, मी धरतंय. सुबोधा, तू त्या बाजून ये," अण्णा म्हणाले, आणि दोघांनी त्यांच्या बगलेत हात घातले. त्यांची पावलं जमिनीवरून सुटली. अबोलीचा वळेसर खांद्यावर घसरला.

"सोडा!" विमलाबाई ओरडल्या. "माका उचलू नकात! मी काय तांदळाचा पोता आसंय?"

दोघांनी त्यांना खाली ठेवलं. त्यांनी काठी घेतली, आकाशनं उघडलेल्या काचेच्या दारातून बाहेर आल्या, माझ्यापाशी आल्या, पाठमोऱ्या होऊन टेकल्या आणि एकेक पाय आत घेऊन बसून राहिल्या.

सुबोधराव मागून धावत आले. माझ्या दारापाशी उकिडवे बसले, त्या रविवारी टेप घेऊन बसले होते तसेच.

"आई, चल ना गं. लोक बघतायत."

"बघूंदेत."

"तुझ्यासाठी घेतली गं मी."

"माझ्यासाठी घेतलीस, तर माका विचारलंस कधी?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "अख्ख्या मुलुंडला वर चढवतोस रे तू. आईचा पाय किती वर जातो, तेवढा एकदा बघायचा होतास."

लाल कापडाची एक दोरी सुबोधरावांच्या बोटाला गुंडाळलेली होती, ती ते सोडवत राहिले.

"ही... ही घेता येईल का बदलून?" जान्हवीनं आकाशला विचारलं. पण थोरलीच्या अंगावर नंबर चढला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

"जान्हवी, रिक्षा बघ," विमलाबाई म्हणाल्या.

उतरण्याआधी त्यांनी पिशवीत हात घातला आणि आपट्याचं एक पान माझ्या दाराच्या खणात ठेवलं. "घे धाकटे, सोनं घे. सोन्यासारखी राहा." आजवर मला कुणी काही दिलं नव्हतं. माझ्यातून लोक पाण्याच्या बाटल्यासुद्धा घेऊन जातात.

रिक्षा आली. तिलाही दसऱ्याचा हार होता, पुढच्या काचेवर हळदीकुंकू होतं. विमलाबाई टेकल्या आणि बसल्या. शेजारी जान्हवी. रिक्षा पुढे, आणि मागून हळूहळू थोरली, तिच्यात सुबोधराव, अण्णा आणि गार्गी. पुढे मुलुंडपर्यंत ती वरात तशीच गेली म्हणे. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण मी ऐकली होती. त्या दिवशी डोळ्यांनी बघितली.

त्यानंतर बरेच दिवस मला काही कळलं नाही. मग थोरली पहिल्या सर्व्हिसिंगला आमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये आली. मी तिच्याजवळच उभी होते. तिच्या पुढच्या सीटा वापरून मऊ झाल्या होत्या. मागच्या डाव्या सीटवरचं प्लास्टिक मात्र अजून निघालेलं नव्हतं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"ती त्यांची जागा," थोरली म्हणाली. "सुबोधराव म्हणतात, आई बसेल तेव्हा काढू."

मग तिनं सगळं सांगितलं. एकदा घाटकोपरला डॉक्टरांकडे जायचं होतं तेव्हा देवघरातला चौरंग खाली आणला होता. त्यावर उभं करून विमलाबाईंना चढवलं. सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या बायका, सगळे बघत होते आणि सगळे सल्ले देत होते. घाटकोपरला उतरताना चौरंग डगमगला आणि पुन्हा दोघांना बगलेत हात घालावे लागले. घरी आल्यावर विमलाबाई म्हणाल्या, "मी हयच बरी." तेव्हापासून त्या थोरलीजवळ आल्या नाहीत. सुबोधराव रोज एकटेच तिला घेऊन कामावर जातात. सात सीटा, माणूस एक. पार्किंगमध्ये आल्यावर पोट आत घेऊन उतरतात.

"आणि सातेरीची जत्रा?"



"गेलो आम्ही," थोरली म्हणाली. "त्या नाही आल्या. जान्हवी म्हणाली होती, ताईची गाडी मागून घेऊ या. बोरिवलीला एक फोन केला की सर्वेश स्वतः आणून देतील, आई तिच्यात आरामात बसतील. तर सुबोधराव म्हणाले, घरात एवढी गाडी उभी असताना साडूची मागायची? गार्गी भांडली. म्हणाली, बाबा, आजीपेक्षा तुमचं नाक मोठं झालंय का? ते उठून गॅलरीत गेले. रात्रभर झोपले नाहीत, पण फोन काही केला नाही."

"मग ओटी?"

"विमलाबाईंनी घरीच भरली. साडी, खण, नारळ, तांदूळ, सगळं एका परडीत. जान्हवीच्या हातात दिली. जान्हवीनं ती त्यांच्या जागेवर ठेवली, प्लास्टिकवर, आणि वळणांवर सांडू नये म्हणून पट्टा लावला. मुलुंडपासून देवळापर्यंत ती परडी तशी बसून आली. देवळासमोर सगळं गाव गोळा झालं. मी होतेच सगळ्यात मोठी. सुबोधरावांनी दार उघडलं आणि परडी उतरवली. एक म्हातारी पुढे आली, म्हणाली, 'सुबोधा, आई खंय?'"

मी विचारलं नाही की सुबोधरावांनी काय उत्तर दिलं.

आता माझं सांगते. माझे दिवस भरत आलेत. टेस्ट ड्राइव्हची गाडी जुनी झाली की विकून टाकतात. माझ्या दारावरचं जुनं स्टिकर निघालंय आणि काचेवर 'विक्रीसाठी' असं लागलंय. अंगावर दोन-चार ओरखडे आहेत, चाकांना लाथा खाऊन खाऊन सवय झालीय. रोज मला पुसतात, पण दाराच्या खणात कुणी हात घालत नाही. ते पान अजून तिथे आहे. वाळून बदामी झालंय, पण मोडलेलं नाही. मला जो घेईल त्याला विनंती, ते टाकू नका.

कालच एक कुटुंब आलं होतं. "बाबांसाठी मोठी गाडी बघतोय," मुलगा म्हणाला. बाबा कुठे आहेत, तर घरी. त्यांना कशाला दगदग? मला वाटलं, माझा हॉर्न आपोआप वाजावा आणि थांबूच नये. मोठी घ्या, लहान घ्या, तुमची ऐपत आणि तुमची हौस. पण ज्यांच्या नावानं घेताय त्यांना आधी आणा. त्यांच्यासाठी दार उघडा, हात मागे ठेवा आणि पाय कुठपर्यंत जातो ते नुसतं बघा. याला टेप लागत नाही.

आणि सुबोधराव, तुम्ही वाईट नाही. तांदळाचं बोचकं मांडीवर घेऊन बसलेली आई ज्याला इतकी वर्षं आठवते, तो माणूस वाईट कसा असेल? म्हणून तर माझा जीव जास्त जळतो. पुढची जत्रा लांब आहे. तुम्ही मला घ्या असं मी म्हणत नाही, थोरलीला विका असंही म्हणत नाही. माझी एक बहीण तुमच्या घरच्याच माणसाकडे उभी आहे. तिची सीट माझ्याइतकीच खाली आहे, आणि रंगसुद्धा हाच.

एक फोन करायचाय हो. बोरिवलीला.